सर्पगंधेचा धडा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे एका दुपारी गेली, की बागायतदाराची झोपही उडते. अशा वेळी घरचे अश्वगंधेचे चूर्ण पुढे करतात. छोट्या चाचण्यांत तिने चिंता कमी झाल्याचे दिसले आहे. पण काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

इथे सर्पगंधा ही औषधी वनस्पती आठवावी. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. त्याच औषधाने काही रुग्ण खिन्न झाल्याचे आढळले आणि नैराश्य व मेंदूतील सेरोटोनिनसारखी रसायने यांच्या संशोधनाला चालना मिळाली. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे.

म्हणून सरकारने वनौषधींच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांना पैसा द्यावा. डॉक्टरांनी चूर्ण-काढ्यांची चौकशी न रागावता करावी. रुग्णांनी चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तो गावागावांतील आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर ठळक लिहावा.