कूलरसमोरचा सरडा

बैलबाजारात दात पाहिल्याशिवाय बैल घेणारा माणूस आमच्या मलकापुरात शोधून सापडायचा नाही. पण त्याच गावात मी एक जनावर महिनाभर घरात ठेवलं आणि त्याचं तोंड एकदाही उघडून पाहिलं नाही. त्याचीच ही कबुली.

तर झालं असं, की मे महिन्यात पुण्याचा पुतण्या परीक्षा आणि सहल असं दुहेरी निमित्त करून आपला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ आमच्याकडे सोडून गेला. नाव मोठं, प्राणी हातभर. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला सरडा. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून रे, घरात सरडा पोसतात का कुठी?" पण चार दिवसांत तीच त्याला आंब्याच्या फोडी भरवायला लागली.

बाहेर पंचेचाळीस अंश. पोराचे हाल नकोत म्हणून आम्ही त्याची काचेची पेटी कूलरसमोर ठेवली. सोबत दिलेला अतिनील किरणांचा दिवा लावलाच नाही. मलकापुरात उन्हाला काय तोटा, खिडकीतून येतंच की! काचेतून ऊन येतं, पण त्यातले कामाचे किरण काच अडवते, हे मला नंतर कळलं. ते किरण नसले की अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही, आणि जबड्याचं हाड रबरासारखं मऊ पडू शकतं. शिवाय या प्राण्याला ऊब घ्यायला ३८ ते ४० अंशांची जागा लागते. त्याचं रक्त आपल्यासारखं स्वतः तापत नाही. गार पडला की पचन मंदावतं, रोगाशी लढणंही मंदावतं. आम्ही माया म्हणून त्याला चोवीस तास गार, ओल्या वाऱ्यात बसवलं होतं. मलकापूरच्या मे महिन्यात थंडीने आजारी पडलेला तो बहुधा एकटाच जीव असेल!

तिसऱ्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं. मी म्हटलं, रुसला असेल, मालकाची आठवण येत असेल. आपण माणसं लगेच गोष्ट रचतो. जाळीवर नाक घासून ओठाशी झालेली जखम दिसत होती, तिला मी किरकोळ समजलो. मग एक दिवस तोंडाच्या कडेला चिकट लाळेची तार दिसली, एका बाजूचा ओठ सुजलेला. वास तर विचारूच नका.

गुरांचे डॉक्टर आले. "असा पेशंट पहिल्यांदाच बघतोय," हे त्यांनी सरळ सांगितलं. त्याबद्दल माझ्या मनात त्यांचा आदर दुणावला. त्यांनी शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोटो पाठवले आणि मगच हात लावला. हिरड्यांवर लाल ठिपके, आणि दह्याच्या कवडीसारखा घट्ट पिवळट पू. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहत नाही, गोळा होऊन बसतो. तो मी चिमट्याने काढणारच होतो, त्यांनी हात धरला. ओढला की रक्त येतं आणि संसर्ग आणखी आत जातो. आईची हळदही बाजूला राहिली. नमुना तपासणीला गेला, त्यावरून ठरलेली इंजेक्शनं आली, सौम्य केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने तोंड पुसणं सुरू झालं. पण पहिला हुकूम होता: कूलर बंद, दिवा चालू. अंग गार असेल तर औषधसुद्धा नीट काम करत नाही म्हणे. आंबाही बंद. यांचे बाजूचे दात जबड्याच्या हाडालाच जोडलेले असतात, गोड मऊ फळांनी हिरड्या बिघडतात, आणि ते दात एकदा गेले की परत येत नाहीत. आमच्या पाहुण्याचे दोन गेले.

लहानपणी नागपंचमीला गारुडी दारात यायचा. नाग हलत नाही म्हणजे देव शांत, अशी आमची समजूत. विषाचे दात उपटलेले, कधी तोंडच शिवलेलं, आत सगळं सडलेलं. तहानेने व्याकूळ झालेला तो जीव समोरचं दूध प्यायचा आणि आम्ही हात जोडायचो. १९७२ च्या कायद्याने नाग पकडणं गुन्हा ठरला होता, तरी टोपली यायचीच. त्या नागाच्या तोंडात मी कधी डोकावलो नाही. गारुड्याला मी आजवर क्रूर म्हणत आलो. आता म्हणताना जीभ अडखळते.

असे प्राणी पाळूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. पुतण्या त्याचं मनापासून करतो. पण पेटी, दिवा, किडे सगळं विकणारा दुकानदार तोंडाबद्दल एक अक्षर बोलत नाही, याचा मला राग आहे. प्राणी उबेला बसून आपणहून जबडा उघडतो, तो गरमी घालवण्यासाठी, आजार नव्हे. तीच आयती वेळ आहे आत बघायची: हिरडी गुलाबी की लाल, लाळ पातळ की तारेची. अर्धा मिनिट लागतं. आणि दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर रुसवा समजू नका, डॉक्टर गाठा.

पाच आठवड्यांनी त्याने पहिलं झुरळ मटकावलं. आई टाळ्या वाजवत होती. पुतण्या न्यायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, कूलरसकट. तो काही बोलला नाही. सरड्याचं तोंड हळूच उघडून ती रिकामी जागा बराच वेळ बघत राहिला.