चेहरा एक, आवाज दोन

आपल्याकडे वटवाघळाविषयी कुणी चांगले बोललेले ऐकिवात नाही. तिन्हीसांजेला घरात पाकोळी शिरली की घरभर आरडाओरडा होतो आणि कुणीतरी केरसुणी शोधू लागते. वटवाघूळ आंधळे असते, हा समजही पक्का. खरे तर ते आंधळे नसते. वडा-पिंपळावर उलटी लोंबणारी मोठी, फळे खाणारी वटवाघळे डोळ्यांनी आणि नाकानेच वाट काढतात. किडे खाणारी छोटी वटवाघळे मात्र अंधारात कानांनी ‘बघतात’.

हे कळायला माणसाला फार वर्षे लागली. इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ मध्ये पाहिले की दृष्टी गेलेले वटवाघूळही न धडकता उडते. जिनिव्हाच्या लुई ज्यूरिन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती धडकू लागली. पण ऐकतात तरी काय? माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकतो. उत्तर मिळायला १९३८ साल उजाडले. हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी पिंजऱ्यातली वटवाघळे घेऊन प्राध्यापक पिअर्स यांच्या यंत्रापुढे गेला आणि मुक्या वाटणाऱ्या त्या प्राण्यांचा कल्लोळ प्रथमच माणसाच्या कानी पडला. आपणच ओरडायचे आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून किडा कुठे, भिंत कुठे हे ताडायचे, अशी ती विद्या!

यापुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. ब्रिटनमध्ये घरांच्या छपरांत राहणारे ‘पिपिस्ट्रेल’ नावाचे जेमतेम पाच ग्रॅमचे वटवाघूळ आहे. १७७४ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव ठरले. १९९३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की यांतली काही वटवाघळे ४५ हजार कंपनांच्या आसपास ओरडतात, तर काही ५५ हजारांच्या. एका वसाहतीत सारी एकाच पट्टीतली. १९९७ मध्ये जनुकीय तपासणी झाली आणि दोघांत अकरा टक्क्यांहून अधिक फरक निघाला. ज्याला जग एक प्राणी समजत होते, ते दोन होते! गंमत म्हणजे विल्यम लीच यांनी १८२५ मध्येच एका छोट्या पिपिस्ट्रेलला वेगळे नाव दिले होते. नंतरच्या पंडितांनी ते पहिल्यातच विलीन करून टाकले. २००३ मध्ये त्या नावावर अधिकृत शिक्कामोर्तब झाले.

बँकेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. नाव तेच, चेहरा तोच, म्हणून आम्ही कधी रोकड मोजून दिली नाही. सही ताडून पाहिली. वटवाघळाची सही त्याच्या आवाजात असते, आणि ती एकमेकांना बरोबर कळते. चाऱ्याच्या जागेवरून दुसऱ्याला हुसकावण्याची हाक दोघांची निराळी असते आणि ती आपल्याच जातीला लागू पडते. मादीला साद घालणाऱ्या नराचे गाणेही निराळे. जिथे साद ओळखू येत नाही, तिथे सोयरीक जुळत नाही. आणि सोयरीक थांबली की दोन घराणी कायमची वेगळी होतात.

इंडोनेशियातल्या बुटोन बेटावर हे घडताना दिसते. तिथल्या नालनाक्या वटवाघळांत मोठे, मध्यम आणि लहान असे तीन आकार आहेत. ती सुमारे २७, ४० आणि ५४ हजार कंपनांवर ओरडतात. हे तिन्ही एकाच मूळ स्वराचे वरचे टप्पे. टिगा किंग्स्टन आणि स्टीफन रॉसिटर यांनी २००४ मध्ये असे मांडले की स्वराचा टप्पा बदलला की कोणत्या आकाराचा किडा टिपता येतो ते बदलते आणि जोडीदाराची ओळखही बदलते. पोट आणि लग्न, दोन्ही एका आवाजावर अवलंबून!

कुणी म्हणेल, वटवाघूळ एक की दोन, याने आपले काय बिघडते? बिघडते. नोंद नसलेल्याचे रक्षण होत नाही. ५५ हजारवाले पिपिस्ट्रेल नद्या-तळ्यांच्या काठाला अधिक धरून असते. काठची झाडी गेली आणि ते घटले, तरी एकत्र मोजणीत ते कळले नसते.

आपल्या घरचा दाखला घ्या. तमिळनाडूच्या डोंगरात १९४८ मध्ये मिळालेले एक फळवाघूळ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात साध्या जातीच्या नावाखाली पडून होते. थायलंडच्या किट्टी थाँगलाँग्या यांनी १९७२ मध्ये ओळखले की हे जगावेगळे आहे, आणि त्याला सलीम अलींचे नाव दिले. त्याच १९७२ साली आपल्या वन्यजीव कायद्याने तमाम ‘फळवाघळांना’ उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत घातले. सलीम अलींच्या नावाच्या वाघळाला पुढे संरक्षण मिळाले. बाकीची त्या यादीतच राहिली. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, म्हणजे मधे पन्नास वर्षे गेली!

सगळ्यांना एकाच नावाने हाक मारणे सोपे असते आणि एकाच नावाने हाकलणे त्याहून सोपे. गावातला वड तोडण्याचा ठराव येईल, तेव्हा त्यावर कोण आणि किती राहतात, एवढे तरी आधी विचारावे. माळ्यावरच्या पाकोळीसाठी केरसुणी उचलण्याआधी खिडकी उघडून दिवा मालवावा. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून समोरचा बोलतच नाही, असे धरून चालणे माणसांच्या बाबतीतही महागात पडते.