उपेक्षा : एक शब्द, दोन अर्थ

पालीतील ‘उपेक्खा’ म्हणजे लाभ-हानीत न ढळणारे चित्त. व्यवहारातील मराठीत मात्र ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात या पारमितेला बेपर्वाईहून वेगळे मानले : फळाने विचलित न होता प्रयत्न चालू ठेवणे. अर्जुनेचे पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरू लागताच आकांत न करता माल माळ्यावर चढवणारा दुकानदार ती जगतो.

वसतिगृहात हा भेद जपावा, असे आम्हांस वाटते. घर सोडून आलेले मूल रडेनासे झाले, की आपण त्यास शहाणे म्हणतो. परंतु ते हसेनासे, भांडेनासेही झाले असेल, तर ती स्थिरता नव्हे. ते गोठलेले मन होय. त्यास जवळ घ्यावे. उपेक्षा शिकवताना मुलाचीच उपेक्षा होऊ नये.