पस्तिशीनंतर पुन्हा शाळेत : फॉर्म भरण्याआधी नोकरीची जाहिरात वाचा

बारामती / इंदापूर : दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की केंद्राबाहेर पोरांना सोडायला आलेल्या आयाबाया आपण दरवर्षी बघतो. अलीकडं त्यातल्या काही बाया पोराला गेटवर सोडून माघारी फिरत नाहीत. हॉलतिकीट हातात घेऊन त्या स्वतःच आत जातात. कुणी तिशीतली, कुणी चाळिशीच्या घरातली. पुरुषही असतात, पण कमी, आणि ते जरा लपूनछपून येतात.

हे कशामुळं वाढलंय याचा शोध घेतला तर पहिलं कारण गावातल्याच अंगणवाडीत सापडतं. 2 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना बारावी पास ही अट आली. वय 18 ते 35, विधवा असेल तर 40 पर्यंत, आणि रहिवासी त्याच गावची पाहिजे. 2025 च्या सुरुवातीला राज्यात 18 हजार 882 पदांची भरती निघाली, त्यात 5 हजार 639 सेविका आणि बाकीच्या मदतनीस. मानधन सेविकेला 13 हजार, मदतनीसाला साडेसात हजार. शहरातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण उन्हातान्हात खुरपणीला जाणाऱ्या, पाऊस झाला की चार दिवस घरी बसणाऱ्या बाईसाठी गावातच, सावलीत, महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको.

आपल्याकडं दहावी झाली की लग्न, हा हिशोब वीस वर्षांपूर्वी सर्रास होता. त्या पोरी आज पस्तिशीच्या आसपास आहेत. बारावीच्या एका कागदापायी अडलेल्या. म्हणून सतरा नंबरचा फॉर्म.

हा फॉर्म नवा नाही. शाळेत नाव न घालता बाहेरून दहावी किंवा बारावीला बसायची राज्य मंडळाची ही जुनी सोय आहे. ऑनलाइन नोंदणी करायची, मंडळाच्या यादीतून निवडलेल्या शाळेशी किंवा कनिष्ठ महाविद्यालयाशी संपर्क ठेवायचा, परीक्षा मात्र सगळ्यांबरोबरच द्यायची. प्रमाणपत्र तेच. कमी दर्जाचं नाही. बारावीचं गणित सुटलं की पुढं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच. 1989 साली नाशिकला ते सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्ञानगंगा घरोघरी हे त्यांचं ब्रीद. मुक्तची डिग्री चालत नाही, असं आजही पारावर ऐकायला मिळतं, त्यात तथ्य नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पद्धतीची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

मग घोडं अडतं कुठं? वयात.

सरकारी नोकरीचं वय खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. पोलीस भरतीत तर खुल्या वर्गाला 28. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. बारावीला 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार महिना विद्यावेतन, पण वय 35 च्या आत. आता छत्तीस वर्षांच्या माणसाचा हिशोब करा. दहावी नापास असेल तर पहिलं वर्ष दहावीला. बारावीला बाहेरून बसायला दहावीनंतर दोन वर्षांचा खंड पडावा लागतो. पुढं पदवीची तीन. बेचाळिशीत हातात पदवी येते आणि खुल्या वर्गातल्या माणसासाठी सरकारी दार चार वर्षांपूर्वीच बंद झालेलं असतं. शिकायला वयाची अट नसते, असं भाषणात म्हणतात. शिकायला नसते हे खरं, पण नोकरीला असते.

अंगणवाडीचंही तसंच. बारावी ही किमान अट आहे. निवड गुणांवर होते आणि पदवी, डीएड असलेल्यांना जादा गुण मिळतात. विधवा बाईला त्यात थोडा आधार आहे. बाकी तेहतिसाव्या वर्षी कशीबशी बारावी झालेल्या सुनेसमोर त्याच गावातली पंचविशीची पदवीधर पोरगी उभी असते. गावात जागा एक. यात कुणाचीच चूक नाही, पण क्लासवाले ही गोष्ट फी घेताना सांगत नाहीत.

पुरुषांचा प्रश्न वेगळ्या वाटेनं जातो. बारामती एमआयडीसीत, इंदापूरच्या लोणी देवकरला, भिगवणच्या कागद कारखान्यात, वालचंदनगरला काम आहे. साखर कारखाने आहेत. पण कंपनीला पाहिजे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट. बी.ए. झालेला माणूस तिथं ठेकेदाराकडंच लागतो आणि बारावी झालेलाही त्याच ठेकेदाराकडं. मग तीन वर्षांचा फरक काय पडला? आयटीआयला वयाची वरची अट नाही हे फार कमी लोकांना माहीत आहे. किमान 14 पूर्ण पाहिजे, वर कितीही. चाळिशीचा माणूसही फॉर्म भरू शकतो.

भरत मात्र नाही, आणि का भरत नाही तेही समजून घ्यायला पाहिजे. दोन वर्षं रोज दिवसभर हजेरी. मजुरी चारशे रुपये धरा, महिन्याला पंचवीस दिवस, चोवीस महिने. दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. फी राहिली बाजूला, ही बुडालेली मजुरीच खरी फी आहे. ज्याला एक एकर जिराईत आणि दोन म्हशी आहेत, तो ही फी कुठून भरणार? शिष्यवृत्तीच्या योजना पोराच्या वयाकडं बघून आखलेल्या असतात, त्याला बायको-पोरं असतील असं कुणी धरतच नाही.

त्यात आपलं शेतीचं वेळापत्रक आणि मंडळाचं वेळापत्रक यांचं वाकडंच आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. तेव्हा कारखान्यांचा पट्टा जोरात, उसाला तोड आलेली, टोळी फडात. पुरवणी परीक्षा जून-जुलैला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. इंदापूरच्या टोकाच्या गावांत तर पाण्याची पाळी आली की माणूस रात्री फडात असतो. ती पाळी चुकली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही. पेपर आणि पाळी एकाच दिवशी आली तर घरातलं कुणीही पाळीच म्हणेल. मीही म्हणेन.

बायांची अडचण आणखी वेगळी. बावड्याच्या किंवा सराटीच्या बाईला बारामतीतल्या केंद्रावर यायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या आणि पूर्ण दिवस घालवायचा. रविवारचा संपर्क वर्ग ही चांगली सोय आहे, पण घरातल्या बाईला रविवारची सुट्टी असते असं कुणी ठरवलं?

नर्सिंगबद्दल नेहमी विचारणा होते. बारामतीला 2019 पासून 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, खासगी दवाखाने वाढलेत, परिचारिका सगळ्यांनाच पाहिजेत. पण प्रवेशाच्या वेळची वयाची अट आधी बघा. तिथं 35 हा आकडा आडवा येतो. आणि पत्रव्यवहारानं, घरबसल्या नर्सिंग असं बोर्डावर लिहिलेलं दिसलं तर पुढं चालू लागा. नर्सिंग, अभियांत्रिकी, कायदा, आणि हो, शेतीसुद्धा, यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीनं देता येत नाहीत, असा आयोगाचा नियम आहे. जो माणूस वीस वर्षं शेतात राबला, त्याला शेतीची पदवी घरून घेता येत नाही आणि इतिहासाची येते. प्रात्यक्षिकाचं कारण सांगतात. प्रात्यक्षिक त्याच्या बांधावरच चालू असतं, पण ते मोजायची पद्धत आपल्याकडं अजून बसलेली नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आधीच्या शिक्षणाला श्रेयांक देण्याची भाषा आहे. एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका, अशी मधेच थांबायचीही सोय आहे. तालुक्यापर्यंत त्यातलं किती पोचलं ते तुमच्या जवळच्या कॉलेजात जाऊन विचारा.

जिथं हे जमलंय असं एक उदाहरण आपल्या रोजच्या बघण्यातलं आहे, पण त्याला शिक्षण म्हणून कुणी बघत नाही. कृषी सेवा केंद्रवाले. खत आणि औषध विकायला शेतीचं शिक्षण पाहिजे असे नियम 2015 आणि 2017 च्या दुरुस्त्यांनी आले. दुकान वीस वर्षं जुनं, मालक पन्नाशीचा, शिक्षण दहावी-बारावी. त्यांच्यासाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. 48 आठवडे, आठवड्यातून एकच दिवस, तोही दुकान बंद असतं त्या दिवशी, आणि त्यात शेतावरच्या भेटी. धंदा बुडत नाही, घर चालू राहतं, आणि शेवटी मिळालेला कागद उद्याच्या परवान्याला कामाला येतो. पांढऱ्या केसांची माणसं वहीत कीड-रोगांची नावं लिहितात आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही, कारण वर्गात सगळेच तसले. हाच साचा गवंड्याला, वायरमनला, दूध संकलन केंद्रातल्या माणसाला का लावता येऊ नये? तंत्रशिक्षण परिषदेनं 2023 पासून नोकरी करणाऱ्यांसाठी पदविका-पदवीच्या वेगळ्या वेळेच्या वर्गांना मुभा दिलीय, किमान एक वर्षाचा अनुभव पाहिजे. तालुक्यात असा वर्ग मागायला कंपन्यांनी आणि कामगार संघटनांनी कॉलेजांकडं जायला हवं. कॉलेज आपण होऊन येणार नाही.

दुसरं उदाहरण ड्रोनचं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसातल्या एआय प्रयोगाची चर्चा जगभर गेली, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनीही त्याचा उल्लेख केला. फवारणीचे ड्रोन गावात येऊ लागलेत. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ते उडवायचा परवाना 18 ते 65 वयापर्यंत कुणालाही मिळतो, शिक्षण दहावी पास, अधिक मान्य संस्थेतलं प्रशिक्षण. पंचेचाळिशीच्या माणसाला वयावरून बाहेर न काढणारं हे मोजक्या कामांपैकी एक आहे. दहावी नापास असलेल्यानं आधी सतरा नंबर भरावा तो अशा कामासाठी. आता ड्रोन घ्यायला पैसे कुठून आणायचे हा वेगळ्या लेखाचा विषय.

मोठ्या वयात शिकून काम बदलणं हे आपल्या मातीत नवं नाही. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 ला विधवांसाठी आश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विधवा झाल्यावर, मुलगा पदरात असताना शिकायला बसल्या आणि पुढं त्याच संस्थेसाठी वर्गणी गोळा करत परदेशापर्यंत गेल्या. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनानं 1909 पासून मोठ्या वयाच्या बायांना शिक्षिका आणि परिचारिका केलं. या दोन्ही ठिकाणी राहायची, जेवायची सोय होती आणि शिक्षण संपलं की काम ठरलेलं होतं. आज फॉर्म, ॲप आणि पोर्टल भरपूर आहेत. पोराला कुणी सांभाळायचं आणि पुढं काम कुठं, याचं उत्तर कुठल्याच पोर्टलवर नाही.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी ज्या कामासाठी शिकायचंय त्याची मागच्या वेळची जाहिरात काढून वाचा. वय, शिक्षण, रहिवासी, गुण कसे धरतात, सगळं त्यात असतं. आपलं आजचं वय आणि कोर्स संपेल तेव्हाचं वय कागदावर मांडा. सतरा नंबरची नोंदणी साधारण पावसाळ्यात सुरू होते. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि हरवला असेल तर दुय्यम प्रत व प्रतिज्ञापत्र. आधार आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असतं, लग्नानंतर बायांचं तर हमखास. जुन्या शाळेत दाखला काढायला शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. रजिस्टर शोधायलाच चार हेलपाटे होतात.