पेढीवरचे घरपण

जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली, भरपगारी रजा १९२० साली आणि नफ्यातून बोनस १९३४ साली सुरू झाला. बोनसचा कायदा आला तो १९६५ मध्ये. संप तेथेही झाले, १९२८ चा तर कित्येक महिने चालला. परंतु रजा नियमाने मिळे, शेठजींच्या मर्जीने नव्हे.

आपण मुनीमजींना घरचे मानतो. मग घरचे म्हणूनच त्यांनी रात्री नऊपर्यंत बसावे आणि मुलीच्या लग्नासाठी रजा मागताना मान खाली घालावी, हे कसले घरपण? यंदा वहीपूजनापूर्वी कामाच्या वेळा व रजेचे नियम लिहून पेढीवर लावावेत, आणि गादीवर बसणाऱ्या चिरंजीवांनाही तेच लागू करावेत. नोकरांचे लक्ष प्रथम तिकडेच जाईल.