मयताचं कर्ज आणि चाळिसाव्याची दावत

सुकापूरहून एका भगिनीचं पत्र आलं. नाव छापू नका असं तिने बजावलं आहे. नवरा पनवेल स्टेशन ते सुकापूर रिक्षा चालवायचा. छातीत दुखतंय म्हणून खासगी दवाखान्यात नेला, चौथ्या दिवशी वारला. दोन लहान मुलं, भाड्याचं घर, रिक्षा हप्त्यावरची. दवाखान्याचं बिल दीराने उसने पैसे आणून भरलं, मय्यत रुग्णवाहिकेने म्हसळ्याकडच्या गावी नेली, तोही खर्च उसना. आता फायनान्सवाला दारात येतो, शेजारणीचे 20,000 हातउसने आहेत, किराणा दुकानाची वही आहे. त्यात दीर म्हणतो, चाळिसाव्याला गाव जेवू घालावं लागेल, तुझ्या बांगड्या मोड.

तिचे प्रश्न दोन. हे सगळं कर्ज माझ्या डोक्यावर येतं का? आणि मी फेडू शकले नाही तर त्यांचा जीव तिथे अडकून राहील का?

मासिक हातात पडेपर्यंत चाळिसावा उलटून जाईल म्हणून तिला आम्ही फोनवर उत्तर दिलं. तरी इथे लिहितो आहोत, कारण सुकापूरसारख्या नव्या वस्त्यांतून असं विचारणारी ती एकटी नाही.

शरीयतमध्ये मयताच्या मागे राहिलेल्या मालावर हक्क क्रमाने लागतात. आधी कफन-दफन, तेही साध्या, बेताच्या खर्चाचं. मग कर्ज. मग उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत. त्यानंतर वारसांचे वाटे. सूरह निसामध्ये वाट्यांचा हिशोब सांगताना वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतर ही अट पुन्हा पुन्हा आली आहे. गहाण वस्तू मात्र वेगळी. तिच्यावर आधी ती गहाण घेणाऱ्याचा हक्क असतो. म्हणून रिक्षावर फायनान्सचा हक्क पहिला. रिक्षा विकून त्याचं फिटलं आणि वर काही उरलं तर ते बाकीच्यांचं.

या क्रमात चाळिसाव्याची दावत कुठे आहे? कुठेच नाही. मुतामध्ये हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची बातमी आली तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितलं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, ते दुःखात आहेत. म्हणजे शेजाऱ्यांनी त्या घरात डबा न्यायचा. आपण ते उलटं केलं आहे. आणि त्या घरात अज्ञान मुलं असतील तर प्रश्न नुसत्या रिवाजाचा राहत नाही. बापाच्या मालात त्यांचा वाटा आहे, त्यातून गावाला बिर्याणी घालायचा अधिकार चुलत्याला नाही, आईलाही नाही. यतीमांचा माल खाण्याबद्दल कुरआनात काय म्हटलं आहे ते घरोघर ठाऊक आहे, इथे सांगत बसत नाही.

आता बांगड्या. त्या तिच्या आहेत. माहेरच्या असोत की नवऱ्याने भेट दिलेल्या, मयताच्या मालात त्या धरल्या जात नाहीत. उलट तिलाच विचारावं, तुझा मेहर मिळाला होता का? आम्ही विचारलं. निकाहनाम्यात 25,000 लिहिले आहेत, मिळाले नाहीत, कुणी कधी विषयही काढला नाही. मग तो मयतावरचं कर्ज आहे आणि ही बाई स्वतःच एक सावकार आहे. शेजारणीच्या 20,000 शेजारी तिचे 25,000 यादीत बसतात. बाईने मय्यतीच्या खाटेजवळ रडत मेहर माफ केला म्हणायचं, ही आपल्याकडची रीत आम्हाला कधीच पटलेली नाही.

माल कमी आणि देणी जास्त असतील तर सावकारांना त्यांच्या रकमेच्या प्रमाणात मिळतं. राहिलेल्यासाठी विधवेच्या किंवा मुलांच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. देशाचा कायदाही इथे वेगळं सांगत नाही. मुस्लिम वारस मयताच्या कर्जाला जबाबदार असतो तो वारशात जेवढं हातात आलं तेवढ्यापुरताच. अपवाद एक, आणि तो मोठा आहे. कर्जाच्या कागदावर तिची सही जामीन किंवा सहकर्जदार म्हणून असेल तर ते तिचं स्वतःचं कर्ज. म्हणून आधी कागद मागवा. दुसरं, वसुलीवाला या दिवसांत नवा कागद पुढे करून ‘फक्त पत्ता बदलायचा आहे, सही करा’ म्हणाला तर सही करू नका. घरातल्या शिकलेल्या माणसाने वाचल्याशिवाय अंगठाही नको. रिक्षा, मोबाइल, फ्रिज, ज्याचा ज्याचा हप्ता आहे त्याच्यासोबत कर्जाचा विमा काढलेला होता का, हेही विचारा. पुष्कळदा हप्त्यातच त्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना पत्ता नसतो.

बँकेचं पासबुक भरून आणा. वर्षातून एकदा 436 रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना, मागे 2 लाख मिळतात. 20 रुपये दिसले तर तो अपघाताचा विमा, या भगिनीच्या उपयोगाचा नाही. विम्याबद्दल उलमांचे मतभेद आहेत, ते आपल्या मौलानांना विचारावेत. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 मिळतात, अर्ज पनवेलच्या तहसील कचेरीत. या सगळ्याला मृत्यूचा दाखला लागतो. दाखला मिळतो तो मृत्यू जिथे झाला तिथून, राहत्या पत्त्यावरून नाही. इद्दतीतल्या बाईला या खेपा घालायला लावू नयेत, हे काम दीराचं.

दवाखान्याच्या बिलासाठी कुणी मय्यत अडवून धरली तर ऐकून घेऊ नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे चालत नाही असं स्पष्ट आहे. बिल हे कर्ज, ते यादीत जाईल.

आणि गावी नेणं. म्हसळ्याच्या मातीचं प्रेम आम्हाला कळतं, गावात जमात आहे, कबर खणायला माणसं धावून येतात, सुकापूरच्या इमारतीत समोरच्या दारावरचं आडनावही माहीत नसतं. पण माणूस वारला तिथेच लवकर दफन करणं हेच बरं. उसन्या पैशाच्या रुग्णवाहिकेने मयताच्या कर्जात भर पडते. उहुदच्या लढाईत हजरत मुसअब (रजि.) शहीद झाले तेव्हा एकच चादर होती. डोकं झाकलं तर पाय उघडे पडत. प्रेषितांनी डोकं झाकायला सांगितलं आणि पायांवर इज़्ख़िर गवत घालायला लावलं. मक्क्यात तलम कपड्यांत वाढलेला हा तरुण.

तिचा दुसरा प्रश्न अवघड आहे. कर्जाची बाब हलकी नाही. एका मयतावर तीन दीनार कर्ज होतं आणि मागे काही नव्हतं, तेव्हा प्रेषितांनी जनाजाची नमाज पढवायला नकार दिला, तुम्ही पढा म्हणाले. हजरत अबू कतादा (रजि.) पुढे आले, कर्ज माझ्यावर, म्हणाले. मग नमाज झाली. पुढे मदीन्यात सुबत्ता आल्यावर प्रेषितांनी अशा मयतांचं कर्ज स्वतःवर घेतलं. दोन्ही वेळा उठून उभा राहिला तो दुसरा माणूस. तिथे कुणी विधवेला पुढे केलेलं नाही. ज्याला जमेल त्या भावाने, मित्राने, जमातीने हे उचलायचं आहे. सावकाराने माफ केलं तरी मयत मोकळा होतो, आणि शेजारणीकडे जाऊन तसं विचारायला लाज वाटू नये.

जमातीच्या विश्वस्तांसाठी एक गोष्ट. हनफी फिकहनुसार जकातीच्या पैशातून मयताचं कर्ज किंवा कफन होत नाही, कारण जकात घेणारा तिचा मालक व्हावा लागतो आणि मयत मालक होऊ शकत नाही. त्यासाठी इमदादचा वेगळा डबा ठेवा. विधवा गरजू असेल तर जकात तिच्या हातात द्या, तिने ती कशावर खर्च करायची ते तिला ठरवू द्या.

हे सगळं ऐकून झाल्यावर फोन दीराने घेतला. गाव काय म्हणेल, एवढंच तो दोनदा म्हणाला. आम्ही त्याला कोऱ्या वहीत देण्यांची यादी करायला सांगितली, रुग्णवाहिकेपासून किराण्यापर्यंत, आणि त्याने स्वतः उसने आणून भरलेले पैसेही. चार दिवसांनी त्याने यादी पाठवली. दावतीचं अजून ठरलेलं नाही. यादीत नवव्या ओळीला ‘वहिनीचा मेहर, 25,000’ असं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे.