न फुटलेल्या अंड्यांचे काय?

वेळासच्या किनाऱ्यावर टोपली उचलली की खाली कासवाची पिल्ले वळवळताना दिसतात आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या मंडळींचे मोबाइल पुढे सरसावतात. पिल्ले समुद्रात गेली की पर्यटक घरची वाट धरतात. पुढचे काम पाहायला सहसा कोणी थांबत नाही. पिल्ले निघून गेल्यावर कासवमित्र ते घरटे उकरतो, रिकामी टरफले मोजतो, न फुटलेली अंडी मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. मग त्या अंड्यांची रवानगी पुन्हा वाळूत. माझे म्हणणे या वाया जाणाऱ्या अंड्यांबद्दल आहे.

ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते. बलकाचे साहित्य ती किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधी, दूर समुद्रात चरताना साठवते. खेकडे, कोळंबी, शिंपले, जेलीफिश हे तिचे खाणे. त्यातून आलेले धातू रक्तावाटे बलकात उतरतात. सगळेच धातू वाईट नसतात. तांबे, जस्त, लोह गर्भाला लागतेच. शिसे आणि पारा यांचा शरीराला कवडीचा उपयोग नाही, तरी ते आत शिरतात. शिसे कॅल्शिअमचे सोंग घेते. ते हाडांत साठते आणि अंड्याचे कवच बनताना कॅल्शिअमसोबत सुटू शकते. वाढणारा गर्भ पुन्हा त्याच कवचातून कॅल्शिअम ओढतो. मिथिल पारा प्रथिनांना चिकटून जातो. कॅडमिअम मात्र बहुतांशी आईच्या मूत्रपिंडात आणि यकृतातच अडकते. त्यामुळे अंड्यात कॅडमिअम कमी निघाले म्हणून आईही तेवढीच स्वच्छ, असे समजण्यात अर्थ नाही.

हे तपासण्याचे काम भारतात नवे नाही. ओडिशातल्या गहिरमाथ्याच्या अंड्यांत आणि पिल्लांत कोणते धातू कुठे साठतात, यावर प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्येच एक छोटा शोधनिबंध लिहिला होता. (या बाई ओडिसीच्या नामवंत नर्तिकाही, बेडकाच्या पिल्लाची तुटलेली शेपटी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या प्रभावाखाली वाढताना तिथे चक्क पाय उगवतात, हे दाखवणारे त्यांचे संशोधन जगभर गाजले.) त्याला आता जवळपास तीस वर्षे होतील. कोकणात 2002 पासून, सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला सुरुवात केल्यापासून, घरटी राखली जात आहेत. या काळात किती पिल्ले सोडली याचा हिशेब आपण नीट ठेवला. त्या पिल्लांच्या अंगात काय होते, हा प्रश्न आपल्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही.

तपासणी झाली आणि शिसे निघाले, तर पहिले बोट लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांकडे जाईल. तिकडे गहिरमाथ्यात ते राउरकेला, तालचेरहून येणाऱ्या ब्राह्मणी नदीकडे जाईल. ही घाई नको. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अंतर अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर. अशा बाईच्या अंड्यातले शिसे कुठल्या खाडीतले म्हणायचे? वाळूतूनही काही धातू कवचात येऊ शकतात, म्हणून घरट्यातली वाळूही सोबत तपासायला हवी. आणि अंडी न फुटण्याचा सगळा दोष धातूंवर टाकणेही चूकच, कारण तापलेली वाळू, बुरशी, न फळलेले अंडे ही कारणे आहेतच.

मग आरोग्याच्या सदरात कासव कशाला? कारण तिच्या आणि आपल्या ताटात बरेच साम्य आहे. खेकडे, कोळंबी, तिसऱ्या आपणही खातो. जपानमधल्या मिनामाताची विषबाधा 1956 मध्ये उघडकीस आली, तेव्हा पाऱ्याने दूषित मासे खाणाऱ्या काही आया स्वतः बऱ्यापैकी धडधाकट होत्या आणि त्यांची मुले मात्र मेंदूला इजा घेऊन जन्मली. मिथिल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो, हे जगाला तिथे कळले. गरोदर बाईने मोरी खाऊ नये हा आजचा सल्ला त्याच ज्ञानातून आला. आईकडून पिल्लाकडे जाणारे हे ओझे कासवाच्या अंड्यात, कुणाला सुई न टोचता, मोजता येते.

अडचण पैशांपेक्षा कागदांची जास्त आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. मेलेले अंडेही परवानगीशिवाय उचलता येत नाही. हे योग्यच आहे, अंड्यांची चोरी त्याशिवाय थांबली नसती. पण वन विभागाने स्वतःच पुढाकार घेतला, तर एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला संपूर्ण किनाऱ्यासाठी एकच परवानगी देता येईल. प्रत्येक हॅचरीतून काही घरट्यांची न फुटलेली अंडी, मेलेली पिल्ले आणि मूठभर वाळू, स्वच्छ धुतलेल्या डब्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. घरटे उकरणारा माणूस तिथे असतोच, त्याला डबा आणि लेबल द्यायचे आहे. नोव्हेंबरपासून माद्या पुन्हा वर येऊ लागतील. डबे त्याआधी गावात पोहोचायला हवेत.